चौकातली सांडणी

३ फेब्रुवारी १९९९, बुधवार

पुतळा येणार! नळाला पाणी नाही, निम्म्या घरांवर अजून छप्पर नाही, शाळेमागच्या मैदानात सुरुंगांच्या लाल पाट्या तशाच — पण आमच्या चौकात पुतळा येणार. अंगावर धड कपडा नाही आणि म्हणे अत्तर लावा!

चौक समितीची पहिली बैठक आज माझ्या चहाच्या टपरीवर झाली. समितीला स्वतःची खोली आहे. पण खोलीला दार नाही, खिडक्या नाहीत — लढाईत सैनिकांनी चौकटींसकट उपटून नेल्या — आणि चहा तर नाहीच नाही. म्हणून आमची टपरी. फुकट.

अध्यक्ष रोबले एककान्या. तरुणपणी विहिरीवरच्या भांडणात एक कान गेला, तेव्हापासून सगळे त्याला तोंडावर एककान्याच म्हणतात. आमच्या हर्गेसा शहरात माणूस बापाचं नाव विसरेल, टोपणनाव चुकणार नाही. दुसरा समतर. त्याला 'लंडन' म्हणतात, कारण तो तिथे तीन वर्षं होता आणि ते तो कोणाला एक दिवस विसरू देत नाही. तिसरे आमच्या मशिदीचे शेख बुलहान. मी समितीत नाही. मी 'मास्तरीण'. लढाईआधी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचे. शाळा गेली, नकाशे गेले, हातात किटली राहिली.

लंडन म्हणाला, "प्रत्येक मोठ्या शहराच्या चौकात घोड्यावर बसलेला एक माणूस असतो."

रोबलेने विचारलं, "कुठल्या कुळाचा?"

बैठक संपली.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

जुम्म्याची नमाज झाली की माझा नवरा हिरसी बर्बेरा बंदराच्या गाड्या थांबतात त्या स्टँडवर जातो. नवरा म्हणून त्याला दुसरं व्यसन नाही — म्हणजे खातची पानं चघळतो, पण ते कोण चघळत नाही! त्याचं खरं व्यसन आशा. अकरा वर्षांपूर्वी आमचा मुलगा गुलेद सतरा वर्षांचा होता, तेव्हा सैनिकांनी त्याला रस्त्यावरून उचलून ट्रकमध्ये घातलं. पुढे शहरावर बाँब पडले, आम्ही सगळे सरहद्दीपलीकडे छावणीत. तेव्हापासून हिरसी दर शुक्रवारी ट्रकवाल्यांना, खलाशांना, मेंढ्या घेऊन येमेनला जाणाऱ्यांना विचारत फिरतो. मिळेल ती बातमी घेऊन येतो.

आजची बातमी — एडनच्या बंदराजवळ एका वेल्डिंगच्या दुकानात आपल्याकडचा एक पोरगा आहे, पुढच्या दातांत फट असलेला. एका खलाशाने पाहिला. झालं! हिरसीला कोणीही गंडवावं. फटीच्या दातांची पोरं जगात काय कमी आहेत? मी भूगोल शिकवलाय, मला अंतरं कळतात. मी त्याला मोडता घालत नाही, एवढंच.

फक्त एक विचारायला हवं. फट वरच्या दातांत की खालच्या?

६ फेब्रुवारी, शनिवार

वरच्या.

११ फेब्रुवारी, गुरुवार

बैठक दुसरी. आज विचारमंथन झालं म्हणे. मंथनातून काय निघालं ते लिहून ठेवते, पुढच्या पिढ्यांना उपयोगी पडेल.

लंडन : हुतात्म्याचा पुतळा करू.

शेखसाहेब : माणसाचा चेहरा करणं बरं नव्हे.

लंडन : मग चेहरा कोराच ठेवू.

रोबले : कोरा म्हणजे? नाकावरून कूळ कळतं. नाक ठेवणार की नाही?

लंडन : बरं, मग आई. युद्धात होरपळलेली आई.

रोबले : कोणाची?

शेखसाहेब : आणि तिचं डोकं झाकलेलं दाखवलं तरी बाकीचं अंग चौकात उघड्यावर राहणारच ना!

मी चहा ओतत म्हटलं, "तिच्यावर तंबू ठोका." कोणी हसलं नाही. शेखसाहेबांनी तर क्षणभर विचार केला.

शेवटी लंडनने नुसता हात सुचवला. आकाशाकडे उंचावलेला हात. डावा असेल तर अमंगळ, उजवा असेल तर, रोबले म्हणाला, लांबून बघणाऱ्याला वाटेल कोणीतरी उधारीवर खातची जुडी मागतोय. हातही रद्द. दोन किटल्या चहा संपला. हात मात्र माझेच दुखले.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

एडनच्या पोराने दुकान बदललं म्हणतात. नवा मालक चांगला आहे, दुपारचं जेवण घालतो. कसलं जेवण ते हिरसीने विचारलं नाही. पुरुषांना विचारायच्या गोष्टी कळत नाहीत. मी काही फार मनावर घेत नाही. घेण्यासारखं आहे काय त्यात?

गुलेदला मासे आवडत नाहीत आणि एडनला माशांशिवाय काय मिळणार!

२ मार्च, मंगळवार

उजेड पडला! समितीने उंट ठरवला. उंट नव्हे — सांडणी. दूध देणारी, धीराची, सगळ्यांची आई वगैरे. शेखसाहेबांनी प्राण्यालाही हरकत घेतली असती, पण ते दुपारचं मटण ज्या दुकानातून नेतात त्याच्या भिंतीवर हिरसीनेच भलामोठा उंट रंगवलाय. त्याच्याखालून रोज पिशवी भरून घेणाऱ्याने काय बोलावं?

हर्गेसातल्या निम्म्या दुकानांची चित्रं हिरसीची. दात, टायर, समोसे, सुया टोचणारा डॉक्टर. लढाईआधी तो गवंडीकामही करायचा. म्हणून पुतळा करायला त्यालाच बोलावलं. गावात सिमेंटचा उंट करू शकेल असा दुसरा कोणी जिवंत नाही.

पाच मिनिटं आनंदात गेली. मग रोबलेने विचारलं, "डागणी कुठली करणार?"

बरोबर आहे. उंट आहे म्हणजे मानेवर कुळाची डागणी हवी. रोबले म्हणाला, आमची अगदी छोटीशी करा, कोणाच्या लक्षातही येणार नाही. बाजूच्या बाकावर चहा पिणारे दोघं ताडकन उठले. "आमची का नाही?" लंडनने तोडगा काढला — डागणीच नको. त्यावर सगळा चौक त्याच्या अंगावर धावून गेला. बिनडागणीची सांडणी म्हणजे चोरीची! भर चौकात चोरीचं जनावर उभं करणार? लंडन कागदावर चौक आखतो, रस्ते आखतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. फरक एवढाच की ह्याने उंटसुद्धा चित्रातच पाहिलाय.

हिरसी तोवर भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, "सांडणीला मान खाली घालू द्या. पुढ्यात पिल्लू ठेवतो. ती त्याला हुंगतेय असं. मग मानेची ती बाजू पिल्लाच्या पाठीआड जाईल. डागणी आहे की नाही, असली तर कोणाची, कोणालाच दिसणार नाही."

रोबले म्हणाला, "रंगाऱ्याला डोकं आहे की रे!"

मलाही आजच कळलं.

१२ मार्च, शुक्रवार

त्याला ताप आला होता म्हणे. आता उतरला. एडन सोडून वर होदेदा बंदरात गेलाय.

मशिदीपुढच्या म्हाताऱ्यांना आज कॅनभर दूध वाटलं. सहजच. उरलं होतं.

२० मार्च, शनिवार

काम सुरू झालं. पडक्या बराकीतल्या सळया उपसून आणल्या, वाकवल्या, त्यावर कोंबड्यांची जाळी गुंडाळली. चौकात आता टपरीसमोर एक पिंजरा उभा आहे, चार पायांचा. गाड्यांवरचे लोक ओरडून विचारतात, "रंगाऱ्या, कोंबडी आहे की विमान?" हिरसीने चहूबाजूंनी ताडपत्री लावून घेतली. मलाही आत डोकावू देत नाही. जणू आत ताजमहाल बांधतोय!

शेखसाहेब चहाला थांबले. म्हणाले, पुतळ्याचं उद्घाटन झालं की येणाऱ्या शुक्रवारी, तिसऱ्या प्रहरी अस्रच्या नमाजेनंतर, ज्यांचा देह मिळाला नाही त्या सगळ्यांसाठी मशिदीत जनाजाची नमाज पढू. देह नसला तरी पढता येते. नावं द्या. पुष्कळ घरांनी दिली आहेत. "माणसाला निरोप द्यावा लागतो मास्तरीण. त्याशिवाय घर मोकळं होत नाही."

मी म्हटलं, "शेखसाहेब, मला हो काय! पण हिरसीला कोण समजावणार? तो अजून शुक्रवारी स्टँडवर जातो."

शेखसाहेब ताडपत्रीपाशी जाऊन हिरसीला विचारून आले. परत आले ते डोकं खाजवत. हिरसी म्हणे, "तिला विचारा." बघा! ह्याची आशा, आणि आड मी. नाव द्यायचं धाडस नाही, नाही म्हणायचंही नाही.

मी नाव दिलं नाही. त्याचं मन मोडलं असतं.

९ एप्रिल, शुक्रवार

हिरसी स्टँडवरून हात हलवत आला. बातमी नाही! म्हणे होदेदाकडची बोटच आली नाही. मग बर्बेराच्या गाडीतल्यांना विचारलंस का? नाही. चार आठवड्यांपूर्वी ताप उतरला म्हणालास, तो उलटला का ते तरी? नाही. दमलो होतो म्हणे, सिमेंट कालवून खांदे भरून आलेत.

ह्याचे खांदे भरून आले म्हणून पोराने तापात पडून राहायचं! मी खूप बोलले. बोलू नये ते बोलले. त्याने ऐकून घेतलं.

१० एप्रिल, शनिवार

टपरी बंद. पडून आहे. काही होत नाहीये, नुसतं उठवत नाही.

११ एप्रिल, रविवार

हिरसी आज पुन्हा गेला, आडवारी! काम सोडून. दुपारी आला तो दारातूनच म्हणाला, "ऊठ, बसून ऐक."

गुलेदचं लग्न झालंय. दोन वर्षं झाली. बायको आपल्याकडचीच, बर्बेराची. आणि मुलगी झाली आहे! आणि नाव ठेवलंय दहाबो. माझं.

बिचारी पोर! जन्मली नाही तोच आजीचं नाव गळ्यात. आता जीभही माझ्यावर गेली तर लग्न कोण करणार तिच्याशी?

उठले. चहा केला. लहोहच्या धिरड्यांचं पीठ भिजवलं. हिरसीने दोन कप चहा घेतला आणि माझ्याकडे बघत बसला. त्याला म्हटलं, बघतोस काय, आजोबा झालास! तो काही बोलला नाही. आनंद झाला की हा असाच गप्प होतो.

२२ एप्रिल, गुरुवार

नारिंगी कापडाचा छोटा झगा शिवला. मापाचा अंदाजच. वर्षाची असेल की दीड वर्षाची? हिरसीला विचारलं तर म्हणाला, लहान आहे. धन्य! लहान आहे हे मलाही कळतं.

दूध घालणारी अर्दो टपरीवर बसली होती. बाहेरच्या रानात तिचे उंट आहेत, रोज पहाटे ती दुधाचे कॅन घेऊन शहरात येते. झगा बघून म्हणाली, "कोणाचा गं एवढासा?" मी म्हटलं, नातीचा. तिने झग्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "कुठे असते?" होदेदाला. "बघितलीस?" मी म्हटलं, बघायलाच निघालेय. तोंडातून गेलं आणि मग वाटलं, खरंच की! का जाऊ नये? बर्बेराहून मेंढ्यांच्या बोटी जातातच. मी काय मेंढीपेक्षा जास्त जागा घेते?

लोक म्हणतात त्याने इतक्या वर्षांत निरोप कसा नाही धाडला. अहो, कुठे धाडणार? त्याला वाटत असणार आम्हीच मेलो. त्याने शहर जमीनदोस्त झाल्याचं ऐकलं असेल. त्यातून लिहायचा आळस त्याला लहानपणापासून. भूगोलाच्या मास्तरणीचा मुलगा, आणि नकाशात नद्या उलट्या काढायचा.

हिरसीला सांगितलं, पुतळा झाला की जायचं. तो म्हणाला, बघू. मी म्हटलं, बघू नाही, जायचं.

८ मे, शनिवार

समितीत नवा वाद — पडदा कोणी ओढायचा. एककान्या म्हणतो अध्यक्षाने. लंडन म्हणतो पडदा ओढायची एक पद्धत असते आणि ती फक्त त्याला ठाऊक आहे. पद्धत! दोरी धरायची आणि ओढायची, आणखी काय पद्धत असणार? शेवटी दोघांनी मिळून ओढायचं ठरलं. दोन टोकांनी. पडद्याचं काही खरं नाही.

हिरसी निम्मा झालाय. दिवसभर ताडपत्रीत. जेवायला बोलवावं तर सिमेंटचे हात तसेच घेऊन बसतो. काल म्हणाला, "दहाबो, बोटीचं नंतर ठरवू का?" मी म्हटलं, अजिबात नाही, जूनमध्ये समुद्र खवळतो, त्याच्या आत निघायचं. निदान एवढा भूगोल माझ्याकडे उरलाय.

सामान बांधायला घेतलंय. झगा, खजूर, तूप, गुलेदसाठी सदरा. सदऱ्याचं माप सतराव्या वर्षाचंच माहीत. थोडा मोठा घेतला.

१८ मे, मंगळवार

आज स्वातंत्र्यदिन. सकाळी मिरवणूक, मग आमचा चौक. अख्खं शहर लोटलं होतं. एककान्या आणि लंडन दोन्ही बाजूंनी ओढायला लागले आणि पडदा मधोमध फाटला. सांडणीचं आधी नुसतं कुबड दिसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिरसीनेच शिडीवर चढून बाकीचा काढला.

आता काय सांगू! चांगली झाली आहे. मला कौतुक करता येत नाही, म्हणून एकदाच लिहिते. मान खाली वाकलेली, ओठ पुढे आलेले, डोळे अर्धे मिटलेले. ती त्या पिल्लाला हुंगते आहे आणि तिला दुसरं काही दिसत नाही. मी किटली हातात घेऊन उभी राहिले ती उभीच. गर्दीतल्या दोन म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या. समितीतल्या तिघांनीही ते आपलं यश समजून माना डोलावल्या.

लंडनने भाषण केलं. शहर राखेतून उठलं वगैरे. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात अर्दो आणि तिच्याबरोबरच्या दूधवाल्या बायका कॅन विकून तिकडून आल्या. अर्दो पुतळ्याभोवती एक फेरी मारून आली. पिल्लाच्या पोटाखाली वाकून बघितलं. मग मोठ्याने म्हणाली —

"अगं बाई! हे पिल्लू मेलेलं आहे!"

भाषण थांबलं.

"बघा की! पाय गुडघ्यापाशी संपलेत. पोटावर टाके आहेत. आणि तोंडातून गवत बाहेर आलंय. हे भुसा भरलेलं पिल्लू आहे!"

आधी तिच्या बायका हसल्या. मग खेड्यावरून आलेले उंटवाले हसले. मग सगळा चौक हसला. आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं — पिल्लू मेलं की सांडणी पान्हा चोरते. मग मेलेल्या पिल्लाचं कातडं सोलायचं, आत वाळकं गवत भरायचं, शिवायचं आणि धार काढायच्या वेळी तिच्यापुढे ठेवायचं. ती हुंगते, चाटते, आणि बिचारी दूध देते. मला हे माहीत नव्हतं का? होतं. पण पडदा निघाला तेव्हा मी फक्त आईचं तोंड बघत होते. पोटाखाली वाकून कोण बघतं?

हिरसी शिडी खांद्यावर घेऊन घरी निघून गेला. काय ही फजिती! जन्म शहरात गेला, कधी उंटाची धार काढली नाही. बाजारात कुठेतरी भुशाचं पिल्लू बघितलं असेल आणि तेच बेतून घेतलं असेल. दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं!

१९ मे, बुधवार

तातडीची बैठक. अर्थात टपरीवर.

गंमत बघा. दोन महिने प्रत्येकाला सांडणी आपल्या कुळाची हवी होती. आज कोणालाच नको आहे! रोबले म्हणाला, "आमच्या सांडण्या असल्या नसतात. भुशाला फसणाऱ्या." बाजूच्या बाकावरचे म्हणाले, "आमच्याही नाहीत, आमच्या वासावरून ओळखतात." म्हणजे डागणीचा वाद कायमचा मिटला. हिरसीने युद्धानंतरचा पहिला खरा तह घडवून आणला, त्याबद्दल त्याचाच पुतळा उभारा म्हणावं!

लंडन म्हणाला, तिकडे असं मुद्दाम करतात, लोकांनी विचार करावा म्हणून. रोबले म्हणाला, "तिकडच्या लोकांना दुसरं काम नसेल."

शेखसाहेब पुतळ्याकडे बघत बसले. चहा गार झाला त्यांचा.

ठराव : शनिवारपर्यंत रंगाऱ्याने पिल्लाला पाय लावावेत, टाके बुजवावेत, गवत काढावं. नाहीतर पिल्लू फोडून टाकण्यात येईल. निरोप सांगायचं काम माझ्याकडे. बायको म्हणून माझी ही पहिली सरकारी नेमणूक.

२० मे, गुरुवार

हिरसीला म्हटलं, चूक झाली म्हण आणि मोकळा हो. अर्धी पाटी सिमेंटचं काम आहे. चार पाय लाव, टाक्यांवरून थापी फिरव. सोमवारी आपल्याला बर्बेरा गाठायचंय, मागे हे लचांड नको.

म्हणाला, "पाय लावणार नाही."

मी म्हटलं, का? माझं बांधलेलं गाठोडं त्याने उघडून बघितलं. नारिंगी झगा हातात घेतला, पुन्हा घडी करून ठेवला. मी म्हटलं, सिमेंटचे हात लागतील त्याला. तेव्हा तो रडला. मी त्याला असा रडताना कधी पाहिलेला नाही, छावणीतसुद्धा नाही. एका सिमेंटच्या पिल्लापायी! मी म्हटलं, अरे वेड्या, लोक हसतात आणि विसरतात, एवढं काय त्यात. तिकडे नात वाट बघतेय. शेखसाहेबांकडे नावं द्यायची उद्या शेवटची वेळ, तेही एक बरं झालं की आपण दिलं नाही. जिवंत पोराच्या नावाने नमाज म्हणजे अपशकुनच की!

तो उठून बाहेर जाऊन बसला.

२१ मे, शुक्रवार

जुम्म्याची नमाज झाली, पण हिरसी स्टँडवर गेला नाही. टपरीवर येऊन बसला. मी म्हटलं, जा ना, आपण येतोय म्हणून निरोप धाड कोणाबरोबर तरी. म्हणाला, "कोणाला धाडू दहाबो? तिथे कोणी नाही. गुलेदला उचललं त्याच आठवड्यात मारलं. त्याच्या ट्रकमधला एक पोरगा निसटला, त्याने मला छावणीत सांगितलं. तू तेव्हा अंथरुणावरून उठत नव्हतीस, पाणी घेत नव्हतीस. मी म्हटलं, कोणीतरी त्याला पाहिलंय. तू उठलीस. मग मला थांबता आलं नाही. दर शुक्रवारी गवत भरून तुझ्यापुढे ठेवत राहिलो."

मी विचारलं, "आणि पोरगी?"

त्याने मान खाली घातली.

अस्रच्या आधी मी स्वतः शेखसाहेबांकडे गेले. एकच नाव दिलं.